सकाळचे दोन तास

"किती वेळा वाचशील ते? पाठ झालं असेल आता," लॉर्ना म्हणाली.

बेव्हने मुलाच्या शाळाप्रवेशाच्या अपिलाचा कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. कौन्सिलच्या इमारतीतला तो अरुंद बोळ, भिंतीला टेकवलेल्या चार खुर्च्या आणि बंद दार. आत कुणाची तरी आई होती, तिचं रडणं मघाशी बाहेर ऐकू आलं होतं. 

"तू फक्त एवढंच सांग," ती हळूच म्हणाली, "सकाळी सातला मी कॅलमला तुझ्याकडे सोडीन, नऊला तू रस्ता ओलांडून त्याला शाळेत पोचवशील. बाकी मी बोलते."

"चर्चला निघाल्यासारखी नटून आलीस. त्यावरच देतील प्रवेश."

"लॉर्ना, थट्टा नको गं आज."

  लॉर्ना फोनवर हो म्हणून बसली होती. बेव्हने विचारलं आणि तिच्या तोंडून हो निघून गेलं. त्याला आता तीन आठवडे झाले होते आणि एकही रात्र तिला धड झोप लागली नव्हती.

दार उघडलं. आतून एक बाई डोळे पुसत निघून गेली आणि ह्या दोघींना बोलावणं आलं.

लांब टेबलापलीकडे तिघं बसली होती. मधल्या पिकरिंगबाई, अपील ऐकून निकाल देणाऱ्या, पांढऱ्या केसांच्या, आवाजाने मऊ. उजवीकडे निकाल देणाऱ्यांपैकीच आणखी एक माणूस, डावीकडे कौन्सिलतर्फे आलेला ओट्स नावाचा गृहस्थ. ओट्सने कौन्सिलची बाजू भराभरा मांडली. शाळा जुनी, खोली लहान. अठ्ठावीस मुलं, अठ्ठावीस खुर्च्या. एकोणतिसावं मूल घेतलं तर बाकीच्यांचं नुकसान. कॅलमला दुसरीकडे जागा दिली आहेच.

"गावाच्या दुसऱ्या टोकाला," बेव्ह म्हणाली. "मी मासळीच्या कारखान्यात आहे, पाळी साडेसातला लागते. नवरा बोटीवर, महिना महिना समुद्रात. त्या शाळेत नऊला पोचवायचं तर मला काम सोडावं लागेल."

"कारखान्यात वेळ बदलून मिळणार नाही?" पिकरिंगबाईंनी विचारलं.

"दोनदा मागितली. मागच्या वेळी साहेब म्हणाला, बदलायचंय तर नोकरीच बदल."

उजवीकडच्या माणसाला हसू आलं. त्याने ते खोकल्यात दडवलं. पिकरिंगबाईंनी कागद पाहिला. "मुलगा लहानच दिसतोय. चारही पूर्ण नाहीत."

"ऑगस्टच्या शेवटी होतील," लॉर्ना म्हणाली. "पहाटे झाला तो."

बेव्हने वळून तिच्याकडे पाहिलं.

"तुम्ही मावशी ना?" पिकरिंगबाई म्हणाल्या. "खरं सांगायचं तर सगळं तुमच्यावर येऊन थांबतंय. तुमचं घर शाळेच्या समोर. सकाळी कोणी मुलाला बघणारं असेल, तर ही शाळा का हवी ते आम्हाला पटतं. नसेल, तर दोन्ही शाळा सारख्याच. रोज सांभाळाल त्याला?"

 ओट्सने पेन टेकवून धरलं. बेव्हचा हात टेबलाखालून आला आणि लॉर्नाच्या मनगटावर बसला. थंडगार होता.

लॉर्नाला बेव्हची पुढची सगळी वर्षं दिसत होती. काम गेलेलं, बोटीवरचा नवरा पैसे पाठवतोय आणि फोनवर कुरकुरतोय, ते सगळं. हो म्हणायला एक क्षण पुरला असता.

"नाही," ती म्हणाली.

"म्हणजे काही दिवस जमणार नाही, असं?"

"एकही दिवस नाही. मी बारमध्ये काम करते, रात्री उशिरा येते. सकाळी झोपायचं असतं मला."

मनगटावरचा हात निघून गेला. पिकरिंगबाईंनी चष्मा काढला. "तुमच्या बहिणीने तर लिहून दिलंय की..."

"तिने लिहिलंय. मी नाही."

पुढे फारसं काही उरलंच नव्हतं. निकाल टपालाने येईल असं पिकरिंगबाई म्हणाल्या, पण बोलताना त्यांनी बेव्हच्या डोळ्याला डोळा भिडवला नाही.

 बाहेर बंदराकडून वारा सुटला होता. गाडीपाशी आल्यावर बेव्हचा बांध फुटला.

"दोन तास! सकाळचे दोन तास मागितले होते मी तुझ्याकडे. ते पण तू झोपेच्या नावाखाली नाकारलेस."

लॉर्ना समुद्राकडे बघत उभी राहिली.

"लहानपणापासून तुझं एकेक निस्तरत आले. कधी हिशेब मागितला? शाळा सोडलीस तेव्हा आईपुढे मी उभी राहिले. तो गाढव तुला टाकून गेला तेव्हा माझ्या घरी राहिलीस. आज पहिल्यांदा काही मागितलं."

"माहिती आहे मला."

"आणि त्याला काय सांगू घरी जाऊन? आठवडाभर जो भेटेल त्याला सांगतोय, माझी शाळा मावशीच्या घरासमोर. तुझ्याकडे ठेवायला स्वतःचा कप काढून ठेवलाय त्याने. तुला त्याचा एवढा कंटाळा आहे?"

"कंटाळा?" लॉर्नाचा आवाज इतका बारीक झाला की बेव्हला जवळ यावं लागलं. "दुसऱ्या कुणाचंही मूल रोज सांभाळलं असतं मी, बेव्ह."

"मग?"

"तुला दिला तो, त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. तू चांगली आई आहेस त्याची. पण ज्याला मी जन्म दिला, त्याने रोज सकाळी माझ्या दारात उभं राहून मला 'मावशी' म्हणायचं, आणि मी ओ द्यायची... ते नाही झेपायचं मला."