जाणूनबुजून दिलेली लेक

श्रीगोंद्याच्या दवाखान्यात खाटेवर पडलेल्या गोजरबाईंनी जावयाखेरीज सगळ्यांना बाहेर पाठवलं. "जावईबापू, माझा सुदाम बुडला तवा तुमी इहिरीकडनं पळत येताना मी बघितलं. पोचले तवर समदं सरलं हुतं." जावयानं, भागवतनं, हातातला पेला खाली ठेवला. लहानपणी त्या दिवशी शाळा चुकवून तो आणि सुदाम, दोघं दोस्त, पोहायला गेले होते. सुदाम हाका मारत राहिला आणि भागवत घाबरून उसात पळाला. कुणाला बोललाही नाही. पुढं सुदामच्याच बहिणीचं, रुपालीचं, स्थळ आलं. त्याला नाही म्हणवेना. तिला तो एकटीला कुठं सोडत नसे, तरी त्या हाका थांबल्या नाहीत. "ठाऊक असून लेक दिलीत?" "एकाला टाकून पळालेला माणूस दुसऱ्याला टाकायला भितो. म्हणून दिली. आता तिला तुमीच सांगा." रुपाली दार ढकलून आत आली. "काय बोलताय दोघं?" भागवतनं तिचा हात घट्ट धरला. "तुझ्या भावाबद्दल," तो म्हणाला.