मातीची गाळणी

रविकांतने आपल्या ओसरीवर मातीची नळी उजेडात धरून फिरवली, तशी सत्यवती नवऱ्याच्या मागे सरकली.

"आज बुडबुडे आले की झालं, वहिनी," तो म्हणाला. "मग दत्ताराम माझ्याबरोबर मुंबईला. कारखान्यात स्वतंत्र भट्टी मिळणार त्याला."

मिसळलेले वायू वेगळे करणारी गाळणी रविकांतच्या कारखान्याला हवी होती. मातीत तांदळाचा बारीक कोंडा मिसळायचा. भाजताना तो जळतो आणि डोळ्यांना न दिसणारी छिद्रं मागे राहतात. त्यांतून हलका वायू झरझर जातो, जड मागे रेंगाळतो. अशी नळी घडवणारा कुंभार अख्ख्या आचरे गावात एकच होता, सत्यवतीचा नवरा.

पण कारखान्याच्या खोल्यांत बायकांना जागा नव्हती. मूलबाळ नसलेल्या घरात एकटीनं मागे राहायचं, या विचारानंच तिचा जीव अर्धा व्हायचा.

"तुका टाकून मी खंय जातलंय?" दत्ताराम रोज म्हणायचा. "पण भाऊंका नाय कसा म्हणू? नळी नापास झाली तर सुटलंय."

बिचारा पहिल्यापासून भिडस्त, त्यात भाऊ म्हणजे रविकांतचे वडील. म्हणून परवा, तो नदीवर गेलेला असताना, तिनेच त्याची सुटका केली होती. नवं मडकं झिरपू नये म्हणून बायका त्याला पेज पाजतात, तशी तिने नळीला पाजली. चांगली दाट, आटवलेली. सुकवून, पुसून नळी होती तिथे ठेवून दिली. काल दत्तारामने पणत्या भाजायला भट्टी पेटवली, तेव्हा धास्तीने ती तिकडे फिरकलीसुद्धा नाही.

रविकांतने नळीच्या उघड्या तोंडाला बूच लावलं. बुचातून खाली आलेलं काचेचं टोक पाण्यात बुडवलं आणि हलक्या वायूची बरणी नळीवर पालथी धरली. वायू नळीत शिरला, तर आतली हवा पाण्यातून बाहेर पडणार होती.

पाणी हललं नाही. सत्यवतीने श्वास सोडला.

मग एक बुडबुडा आला. त्यामागून दुसरा. बघता बघता पाणी खदखदायला लागलं.

बरणी दत्तारामच्या हातात देऊन रविकांत भाऊंना सांगायला आत धावला. सत्यवती पुढे आली.

"ह्यां कसां झालां?" तिने नवऱ्याला विचारलं.

दत्ताराम पाण्याकडेच बघत होता.

"तू पेज पाजलंस तां माका कळलां होतां," तो हळू म्हणाला. "काल मी नळी परत भाजून काढलंय."