रुमाल टाकलेली जागा

टाळेबंदीत दुकानाला कुलूप लागलं, तेव्हा सून म्हणाली, "आई, लोणची वेबसाइटवरून विकू." पण 'परचुरे लोणची' हे वेबसाइटचं नाव शेजारच्या हेरंबने आधीच स्वतःकडे नोंदवून ठेवलं होतं. आळीतल्या सगळ्याच दुकानांची नावं त्याने अडवली होती.

"काकू, घरच्या माणसाला भाव कमी लावतो. चाळीस हजार द्या!"

पूर्वी एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून लोक अशीच जागा धरत. मी तो रुमाल उचलून मालकाच्या हातात द्यायचे आणि खुशाल बसायचे.

आम्ही 'अस्सल परचुरे लोणची' नावाने वेबसाइट काढली. बरण्या पुरेनात.

टाळेबंदी उठली, तसा हेरंब पडेल चेहऱ्याने आला. "काकू, ते नाव फुकटच घ्या. गिऱ्हाईक नाही, वर दरवर्षी नावाची फी भरायची!"

"नको रे बाबा," मी म्हटलं. "आमची कोठेही शाखा नाही."