वेष बदलून येणारा परीक्षक

“हाच तो. पैज लावते,” तुफान शेजारच्या विद्यार्थिनीच्या कानात कुजबुजली.

काउंटरपलीकडे सुटाबुटातला एक गृहस्थ बंद पडलेली इस्त्री घेऊन उभा होता. त्याच्या बुटांची चकाकी पाहून कार्यशाळेतली सगळी मुलं एकदम शहाण्यासारखी वागायला लागली. कुणी स्टूल पुढे केलं, कुणी पाणी आणलं, कुणी पंख्याचं तोंड त्याच्याकडे वळवलं.

“मला फक्त इस्त्री दुरुस्त करायचीय,” गृहस्थ बावरून म्हणाला. “मी काही पाहुणा नाही.”

सरकारी प्रशिक्षण केंद्राच्या या दुरुस्ती विभागात पूर्वी अशी सरबराई नव्हती. वर्षभर फळ्यावर मोटारीची आकृती काढायची, लेखी परीक्षा द्यायची आणि प्रमाणपत्र घेऊन घरी बसायचं. पंख्याचा एक स्क्रू न उघडता मुलं पंखादुरुस्तीत पहिल्या वर्गात पास व्हायची. बाजारातले दुकानदार ते प्रमाणपत्र पाहून नोकरी तर सोडाच, बसा म्हणायचेही नाहीत. मग सुधारणा आल्या. वर्षभरात मुलांना कामं लागली नाहीत तर विभागाला कुलूप, असा मुख्य कार्यालयाने बैठक बोलावून हुकूम काढला.

त्या बैठकीला विभागाच्या बाई गेल्या होत्या. शिकवण्यात केस पिकवलेल्या, पण जीभ अजून तिखट. बाकीचे शिक्षक बैठकीहून तोंड पाडून परतले. बाई बाह्या सरसावूनच वर्गात आल्या.

“उद्यापासून रस्त्याकडचं दार उघडायचं,” त्या म्हणाल्या. “लोकांच्या बिघडलेल्या वस्तू घ्यायच्या आणि दुरुस्त करून द्यायच्या. आणि कान उघडे ठेवून ऐका. यंदा एक परीक्षक गिऱ्हाईक बनून येणार. तुमचं आणि विभागाचं काय करायचं, ते त्याच्या शब्दावर ठरणार.”

“कधी येणार, बाई? दिसतो कसा?”

“ते मला विचारू नका.”

झालं. त्या दिवसापासून दारात येणारा प्रत्येक माणूस परीक्षक ठरू लागला. एका पोस्टमनने नुसता पत्ता विचारला, तर त्याची सायकल तपासून, तेल घालून परत मिळाली.

सगळ्यांत जास्त धास्ती तुफानला होती. वडील गेल्यापासून आईच्या शिवणकामावर घर चाललं होतं आणि दोन भावंडं शाळेत होती. तिला नोकरी लागणं हा हौसेचा मामला नव्हता. पोरगी हुशार, पण धीर म्हणून नाही. यंत्र जोडून झालं की तिच्या मुठीत एखादा स्क्रू उरायचाच. “कंपनीने जास्तीचा दिला असेल,” असं वर ऐकवायचीही.

इस्त्रीवाला गृहस्थ खूश होऊन गेला. त्याच्या मागे एक म्हातारी उभी होती. पिशवीत मिक्सर.

“आजी, परत?” तुफानच्या कपाळाला आठी पडली. “मागच्या वेळी चालू करून दाखवला होता ना?”

“इथे चालतो गं. घरी नेला की रुसतो.”

तुफानने बटण दाबलं. मिक्सर गरगरला. “हे बघा, ठणठणीत आहे.”

मागून बाई हळूच म्हणाल्या, “आणि ह्याच परीक्षक असल्या तर?”

“ह्या? बाई, त्यांच्या चपला तरी बघा.”

“वेष बदलणारा माणूस चपला बदलायला विसरतो होय?”

तुफानने त्या चपला पुन्हा एकदा न्याहाळल्या. तिने आजींना स्टूल दिलं, मिक्सर पूर्ण उघडला आणि या वेळी एकेक स्क्रू ताटलीत ओळीने ठेवला. मोटारीला वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे झिजून गेले होते. कधी टेकत, कधी सुटत. तिने दोन्ही बदलले. मग मिक्सर हलवून, आडवा धरून, पुन्हा पुन्हा चालवून पाहिला. ताटली रिकामी झाली होती. एकही स्क्रू उरला नव्हता, आणि ते पाहून तुफानला स्वतःचाच इतका अभिमान वाटला की तिने ती ताटली सगळ्यांना फिरून दाखवली.

आजी पुन्हा मिक्सर घेऊन आल्या नाहीत. शेजारणींना मात्र पाठवत राहिल्या. प्रत्येक शेजारीण परीक्षक असू शकते, या हिशेबाने प्रत्येकीचं काम चोख होऊ लागलं. बोलबाला झाला. ज्या दुकानदारांनी मुलांना कधी उभं केलं नव्हतं, ते आता दारात येऊन “एखादा हात द्या आम्हाला” म्हणू लागले. बाजारातल्या सर्वांत मोठ्या दुकानाने तुफानला सगळ्यांच्या आधी कामावर घेतलं. प्रमाणपत्र मागायचं त्यांच्या लक्षातच राहिलं नाही.

वर्षअखेरीला मुख्य कार्यालयातून संचालक आले. विभाग चालू राहणार, इतकंच नव्हे तर बाकीची केंद्रं हीच पद्धत शिकायला इथे येणार, असं त्यांनी जाहीर केलं. कार्यशाळा टाळ्यांनी दणाणून गेली. तुफानची आई शेवटच्या बाकावर बसून रडत होती आणि हसतही होती. बाईंनाही भरून आलं. आपल्या हाताखालून गेलेल्या पोरांबद्दल त्यांची छाती इतकी कधीच फुगली नव्हती.

“साहेब, आता तरी सांगा, परीक्षक कोण होतं?” मुलांनी गलका केला. “त्या मिक्सरवाल्या आजीच ना?” तुफान ओरडली.

संचालकांनी एकवार बाईंकडे पाहिलं आणि नुसते हसले.

“बघा, सांगत नाहीत! म्हणजे त्याच!”

चहाला दोघं बाईंच्या खोलीत बसली. संचालकांनी कप तसाच खाली ठेवला.

“बाई, हा वेष बदलून येणारा परीक्षक काय प्रकार आहे? बैठकीत असं काही ठरलंच नव्हतं. आम्ही कुणालाही पाठवलेलं नाही.”

बाई झटकन उठल्या आणि त्यांनी दार लोटून घेतलं.

“हळू बोला साहेब,” त्या म्हणाल्या. “पुढची तुकडी बाहेरच बसलीय.”