दहा जातींची यादी
पार्सल दिल्याची सही घ्यायला मी दारातल्या काकांपुढे पेन धरलं, तेवढ्यात त्यांच्या गुबगुबीत कुत्र्यानं माझी पोटरी पकडली. "काही करत नाही हो तो," काका म्हणाले, तेव्हा त्याचे दात पोटरीतच होते. कसाबसा पाय सोडवला, तर काकांनी माझ्या नाकासमोर फोन नाचवला. "हे बघा ताई, माणसांसाठी सर्वांत धोकादायक कुत्र्यांच्या दहा जाती. आमचा सोन्या आहे का यात कुठे? तुम्हीच घाबरलात, म्हणून चावला." आतून काकू बोलून गेल्या, "अहो, परवा जिना पुसणाऱ्या मावशींनाही चावलाच की!" काकांनी डोळे वटारले. माझ्या डोक्यात तिडीक गेली. वाकून बूट काढला, रक्तानं थबथबलेला मोजा ओढला आणि त्यांच्या हातातल्या फोनवर, त्या यादीवरच, थापला. "आता नीट शोधा काका," मी म्हटलं, "कितवा नंबर आहे ते."