मटकीला विचारा

"मालनताई, पेढे काढा! इंजिन पेटलं!" हर्षू ओरडत, तरंगतच आला.

"मेल्या, आज तरी थट्टा नको."

थट्टा नव्हती. यानातले सगळे मीटर जळाले होते. दुरुस्त केलेलं इंजिन खरंच ढकलतंय का, हे कळायला मार्गच नव्हता. ढकलत नसेल, तर यान पृथ्वीला चुकवून कायमचं पुढे जाणार होतं. इतका हलका जोर माणसाला जाणवत नाही, पण मुळाला जाणवतो. मुळाच्या टोकात पिठाचे बारीक कण असतात, ते ज्या बाजूला बसतात तिकडे मूळ वळतं. म्हणून हर्षूनं उरलेली मूठभर मटकी जाळीवर चिकटवून मोड आणले होते.

आता सगळे मोड यानाच्या शेपटीकडे वळले होते. इंजिन चालू असेल तर तिकडेच वळायला हवेत.

मालनताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्या एकदम थांबल्या. "ओलं फडकं कुठल्या बाजूला बांधलंस रे?"

"शेपटीकडे. तिकडेच पाण्याची टाकी आहे ना, म्हणून... अरे देवा."

"मुळं पाण्याच्या ओढीनं गेली असतील. फडकं पलीकडे बांध."

दुसऱ्या दिवशी बघतात, तर सगळी मुळं वळून पुन्हा फडक्याकडे निघालेली.

"म्हणजे इंजिन ढकलतच नाहीये. मग उसळच टाकू का?" हर्षूनं विचारलं.

मालनताईंनी त्याच्या हातात पाना कोंबला. "खबरदार मोडांना हात लावलास तर. संध्याकाळी परत विचारायचंय त्यांना."