बोटाचा खळगा

श्रीहरीच्या दर वाढदिवसाला जयलक्ष्मीबाई घरीच बटरस्कॉच पुडिंग करायच्या. लोण्यात साखर तपकिरी होईपर्यंत परतायची, मग दुधात कालवलेलं कॉर्नफ्लोअर ओतून घोटत बसायचं. विजयनगरातल्या त्या घरभर वास सुटायचा आणि देवाला दाखवायच्या आधीच लेक त्यात बोट घालायचा.

"अय्यो, उष्टं केलंस की रे. आता देवाला काय दाखवू?" त्या चिडायच्या. इंजिनियर होऊन नोकरीला लागला तरी त्याची ती खोड गेली नाही.

आज पुन्हा त्याचा वाढदिवस. पुडिंग छान घट्ट झालं होतं, वरून अगदी गुळगुळीत. त्यांचे यजमान शेषगिरी स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबले. "अगं, आज कुणी उष्टं केलं नाही," ते हळूच म्हणाले. "दाखव नैवेद्य."





मग जयलक्ष्मीबाईंनी स्वतःच वाटीत मधोमध बोट खुपसलं, आणि वाटी नेऊन श्रीहरीच्या हार घातलेल्या फोटोपुढे ठेवली.